पावतीबुक

पावती क्रमांक एक माझीच. एकशे एक रुपये.
आपणच आधी फाडावी लागते, नाहीतर लोक विचारतात.
दोन : झिबल कुंभरे, पोतंभर मिरची, देठासकट.
रकमेच्या चौकोनात मिरची कशी लिहायची,
म्हणून तिथं आडवी रेघ मारली
आणि समासात लिहिलं : वजन व्हायचं आहे.

आमचं टेंभरडोह भिवापूरच्या अलीकडं, रस्ता सोडून आत.
उमरेडहून आगीचा बंब यायला पन्नास मिनिटं,
फाटक बंद असलं तर देव जाणे.
दोन वर्षांमागं मिरचीच्या सातऱ्याला आग लागली तेव्हा
फाटक उघडंच होतं, खोटं कशाला बोलू.
ड्रायव्हरनं गाडी फेकत आणली,
तरी पन्नास मिनिटं ती पन्नासच.

जळत्या मिरचीजवळ माणूस उभा राहू शकत नाही.
बादल्या होत्या, विहीर होती, हात होते,
आणि सगळं गाव खोकत, डोळे चोळत
मागं मागं सरकत शाळेपर्यंत गेलं.
त्या दुपारी कोण रडत होतं
आणि कोणाला नुसता धूर लागला होता,
आजही सांगता येत नाही.
देठं खुडायला सतरा बाया बसल्या होत्या.
पंधरा बाहेर आल्या.

मग नागपूर. सिव्हिल लाइन्समधली तीन ऑफिसं,
एका साहेबांच्या टेबलावर संत्र्याची सालं.
नकाशा त्यांना आवडला : समोर बंब, बाजूला रुग्णवाहिका,
मागं पोलिसाची एक खोली, वर पाण्याची टाकी.
बासष्ट लाख. म्हणाले, दहा टक्के लोकवाटा दाखवा,
मग फाइल हलते.
मी म्हणालो, साहेब, आग थांबते का लोकवाट्यासाठी?
नाही, म्हणालो नाही.
ते बसमध्ये सुचलं, दिघोरी नाक्याच्या पुढं.

ग्रामसभेत लहानू भोयर उठले :
"देवळाचा मंडप अर्धा राह्यला, अन् हे कायले?"
मागून देवाजी उईके : "मंडपाले आग लागली तं
इझवन कोन, बाप्पा?"
लोक हसले. त्या हसण्यात अकरा हजार जमले.
भोयरांनी दुसऱ्या दिवशी मंडपाची वाळू पाठवली,
दोन ट्रॉल्या. स्वतः आले नाहीत.
विहारातल्या पोरांनी जयंतीच्या डीजेचे पैसे आणून दिले, मोजले पण नाहीत.
शकूर टायरवाला म्हणाला, "रोकडा नाही माझ्यापाशी,
पन बंबाचे पंक्चर जन्मभर फुकट."
बंबाच्या की त्याच्या, ते मी विचारलं नाही.

सुगंधा गजभिये दर गुरुवारी येते. पन्नास रुपये.
तिची धाकटी बहीण त्या दोघींतली.
पावतीवर नाव नको म्हणते.
एकदाच विचारलं तिनं, पदराची गाठ सोडता सोडता :
"भाऊ, फोन कोन्त्या खोलीत राहीन?
अन् उचलनारा दुपारच्याले झोपनार तं नाही ना?"
मी नकाशा फिरवून फिरवून पाहिला.
खोल्या होत्या, खिडक्या होत्या, जिन्याच्या पायऱ्याही मोजून काढलेल्या.
जागा राहणारा माणूस
त्यात कुठंच काढलेला नव्हता.

सहा लाख वीस हजार पाहिजेत.
चार लाख अठरा झालेत, झिबलची मिरची धरून.
इमारत नाही. बाजाराच्या मैदानात चुन्याची चौकट आहे,
तीही बकऱ्यांनी अर्धी पुसली.
पण गुरुवारी येऊन पाहा :
वांगीवाले, बांगडीवाली, पोंगे विकणारा पोरगा,
सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात
आणि चौकटीपासून डांबरी रस्त्यापर्यंत
बंबाच्या रुंदीची एक वाट मोकळी सोडतात.
कोणी सांगितलेलं नाही.

परवा नवा एक कांदेवाला तिथंच पोतं टाकून बसला.
सुगंधा म्हणाली, "उठ गा बाबू,
गाडी निघाची जागा हाये."
त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.
गाडी नव्हती. दारही नव्हतं.
उठला.